सासूबाईंची डावी बाजू

सूनबाई नोकरी करायची त्या चष्म्याच्या दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं, की तिच्या सासूची डावी बाजू गेली आहे आणि ती बिचारी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे. हे फक्त सासूबाईंना ठाऊक नव्हतं. त्या आपल्या पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरायच्या, नातीला शाळेत सोडायच्या, कपडे वाळत घालायच्या, चार जिने उतरून भाजी आणायच्या, आणि तेही दोन्ही बाजूंनी.

आता म्हणाल, सूनबाई खोटारडी होती. छे हो, गरजू होती! सुरुवात साध्या कंबरदुखीने झाली. एका सकाळी तिला जाग आली नाही, दुकानात उशीर झाला आणि तोंडातून निघून गेलं, "सासूबाईंची कंबर धरलीय." मालकीणबाईंनी इतक्या मायेने "अगंबाई!" केलं, की पुढच्या उशिराला नुसती कंबर पुरेना. वाढत वाढत डावी बाजू गेली. घरी सगळं उलटं. घरी ती सांगायची, मालकीणबाई म्हणजे वाघीण, लवकर निघायचं नाव काढलं की खाऊ की गिळू करणारी. खऱ्या मालकीणबाई मुंगीलासुद्धा "सरक गं बाई" म्हणतील! आणि नवरा "जरा बस की माझ्याशी बोलत" म्हणाला, की त्याला दोघींची कारणं एकदम ऐकवायची: तिकडे मालकीणबाई खवळतील, इकडे आई हाक मारतायत.

असा एकीचा धाक दुसरीला दाखवून रोज संध्याकाळी अर्धा तास सुटायचा. तेवढा वेळ ती बागेतल्या बाकावर चपला काढून बसायची. कुणाची सून नाही, बायको नाही, आई नाही, कुणाची नोकर नाही. त्या सुखापायी अख्खी सासू लुळी पाडली तरी तिला काही वाटेनासं झालं होतं.

मग मालकीणबाईंनी दुसरं दुकान काढलं. ते आपल्याच हाती यावं म्हणून सूनबाईने देव पाण्यात घातले होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवले, आता तिला स्वतःचं टेबल हवं होतं आणि हाताखाली चार माणसं. मालकीणबाईही राजी होत्या.

"जी असं घर सांभाळते, तिला दुकान काय जड आहे? पण आधी तुझ्या सासूबाईंना भेटते, मग तिथेच काय ते बोलू. आज संध्याकाळी येतेच."

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. अर्धी रजा टाकून ती निघाली. रजेचं कारण काय दिलं, ते सांगायलाच नको. घरी पोचली तेव्हा सासूबाई स्टुलावर चढून माळा झाडत होत्या. तिने रडत रडत सगळं सांगून टाकलं.

सासूबाई खाली उतरल्या. "कुठली बाजू म्हणालीस?"

"डावी."

"बोलता येतं का मला?"

"थोडं... अडखळत."

"आणि अंघोळबिंघोळ?"

सूनबाईने मान खाली घातली. "मीच घालते."

"अगंबाई, बरंच करतेस की!"

"आई, आजच्या दिवस तेवढं निभावून न्या. जन्मभर विसरणार नाही."

सासूबाईंनी हात धुतले, केसांतली जळमटं काढली आणि निमूट आडव्या झाल्या.

मालकीणबाई सफरचंदं घेऊन आल्या. पलंगाशी बसल्या आणि सासूबाईंचा हात हातात घेतला. "नशीबवान आहात हो! पहाटे उठून तुम्हाला न्हाऊ घालते, भरवते, सगळ्यांचे डबे करते, मुलीला शाळेत सोडते. पुन्हा दुकानात हसतमुख! कधी एका शब्दाने कुरकुर नाही."

सासूबाई छताकडे बघत ऐकत होत्या. आपलाच दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, कुणीतरी कौतुकाने सांगत होतं, आणि ते कौतुक भलतीच्याच पदरात पडत होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"बघ, किती भरून आलंय त्यांना," मालकीणबाई म्हणाल्या. "नवं दुकान तुझं. उद्या सकाळी लवकर ये, कुलूप तूच उघड."

त्या डोळे टिपत जिना उतरल्या. दार लावून सूनबाई नाचतच आत आली. "आई, कमाल केलीत! ते डोळ्यांतलं पाणी तर... उठा आता."

सासूबाई हलल्या नाहीत. "कशी उठू? डावी बाजू गेलीय ना."

"पुरे हो थट्टा."

"थट्टा कसली? त्या बाईंनी सांगितली ती सून मला फार आवडली. मला तिच्याकडेच राहायचंय. तिला म्हणावं, पहाटे उठव मला, न्हाऊ घाल."

सूनबाईचा चेहरा पडला. "अहो, उद्या सकाळी लवकर दुकान उघडायचंय. डबे, पोरीची शाळा... तुमच्याशिवाय कसं जमेल मला?"

"मला काय सांगतेस? त्या बाई अजून खाली असतील. जा, धाव, त्यांना सांग."

सूनबाई खरंच खिडकीपर्यंत धावली. खाली मालकीणबाई गाडीचं दार उघडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि कौतुकाने हात हलवला. तिनेही हात हलवला, हसून. गाडी निघून गेली.

"भूक लागली गं," आतून आवाज आला. "भरवतेस ना?"

सूनबाई स्वयंपाकघरात गेली. एक खण उघडला, त्यात काड्यापेट्या. दुसरा उघडला, त्यात फडकी. ती तशीच मधोमध उभी राहिली.

"चमचे ओट्याखाली, उजवीकडे," सासूबाई म्हणाल्या, जराही न अडखळता.