काशीच्या पुस्तकाचा नंबर

"बाय, काशीचं नाव दाव," धर्माजी म्हणाले आणि नेहमीसारखे चपला दाराबाहेर काढून माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"आधी बसा तरी, बाबा. एसटीतून धक्के खात आलात ना?"

महिन्या-दोन महिन्यांनी श्रीवर्धनच्या बाजाराला आले की हा माणूस आमच्या वाचनालयात येतोच. वाचता येत नाही. लेकीचं नाव कॉम्प्युटरवर बघायचं, मान डोलवायची आणि गावाची गाडी धरायची. काशी शाळेत बाई होती. भात लावताना बायका म्हणतात ती गाणी तिने गावोगाव फिरून गोळा केली, 'आवणीतली गाणी' म्हणून छापली आणि वर्षभरात काविळीने गेली. घरातली प्रत वाळवीने खाल्ली. आमच्या कपाटातली तेवढी उरली. आता बऱ्याच वाचनालयांची सूची एकच झालीय, त्यामुळे तुमची काशी मुरुडलाही दिसते, अलिबागलाही दिसते, हे मीच त्यांना एकदा कौतुकाने सांगून बसले होते.

पुस्तकाच्या पाठीवरचा तेरा आकडी नंबर टाकला. पडद्यावर आलं, 'कोळंबी संवर्धन'. पुन्हा टाकला. पुन्हा कोळंबीच!

मग उलगडा झाला. प्रकाशक आळशांचा राजा. नवा नंबर मागवायचा कंटाळा, म्हणून एकच नंबर दोन पुस्तकांवर छापलेला. एका नंबराच्या दोन नोंदी दिसल्या की सूची विचारते, ही दोन्ही एकच पुस्तक का? 'होय' म्हटलं की दोन्हींची मिळून एकच नोंद उरते. गेल्या महिन्यात अशा तीनशे नोंदी माझ्या गळ्यात पडल्या होत्या. सव्वीस वर्षं हेच करतेय. डोळे शिणले, मान आखडली, शाबासकीच्या नावाने शंख. पुस्तक उघडून बघायचं सोडून मी नुसती 'होय, होय' दाबत सुटले होते.

"काय झालं, बाय?"

ते वाचणार थोडेच होते! कोळंबीवर बोट ठेवून 'ही बघा काशी' म्हटलं असतं, तरी मान डोलवून गेले असते. पण मेली माझी जीभच रेटेना.

"बाबा, नाव गेलंय. माझ्याच हातून. न बघता बटण दाबलं मी."

ते खुर्चीत टेकले.

"रेशनकार्डातनं तिचं नाव काढलं, तवा मीच अंगठा दिला व्हता," ते म्हणाले. "समजून दिला. तुझं तरी चुकून झालं."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"बसा," मी म्हटलं. "आज नाव घातल्याशिवाय उठत नाही मी."

कोळंबीखाली अडकलेली आमची प्रत सोडवली. काशीची नोंद पहिल्यापासून लिहायला घेतली. नाव, गाव, साल, पानं. नंबराची जागा कोरी ठेवली. तो नंबर खाली 'चुकीचा क्रमांक' या रकान्यात टाकला, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल, पण त्याच्या आधाराने कोणी दोन पुस्तकं एक करणार नाही. शेवटी टीप लिहिली: हा नंबर दोन पुस्तकांवर आहे, नोंदी एकत्र करू नयेत. दीड तास गेला. त्यांची दुपारची गाडी चुकली, पण ते हलले नाहीत.

"झालं, बाबा. बघा."

ते उठले, धोतराला बोट पुसलं आणि पडद्यावर टेकवलं.

"हीच ना माजी काशी?"

बोट चुकीच्या नंबरावर होतं. मी त्यांचा हात धरला आणि चार ओळी वर नेला.