उलट बोलायचं नाही

“हात भिंतीवर. पाय फाकव.”

त्याने तळवे भिंतीला टेकवले. उन्हाने वीट तापली होती. शिपायाने हत्यारांची पिशवी फुटपाथवर उपडी केली; पाने, पक्कड, ग्रीजची डबी खणखणत पसरली.

या गल्लीतल्या लिफ्टा तो कित्येक वर्षं दुरुस्त करत होता. बाई म्हणून वावरत होता तेव्हा हाच शिपाई कोपऱ्यावरून हात करायचा. “जपून ताई, पिशवी जड दिसतेय.” कातडी तेव्हाही एवढीच काळी होती. पण काळ्या बाईची त्याला कणव यायची, की ती खिजगणतीतच नसायची, कोण जाणे. हार्मोनचे उपचार सुरू झाले, आवाज फुटला, दाढी आली. त्यामागोमाग हे आलं.

“कुणाच्या घरात शिरला होतास?”

“लिफ्टची तक्रार होती, साहेब.”

“ओळखपत्र?”

शिपायाने फोटो पाहिला.

“बायकोचं घेऊन फिरतोस?”

“मीच आहे, साहेब. फोटो जुना आहे.”

शिपाई पुन्हा फोटोकडे, मग त्याच्याकडे बघत राहिला. ओळख पटली असावी, कारण त्याने नजर काढून घेतली. ओळखपत्र हत्यारांवर टाकलं आणि बोटं पँटला पुसली.

“नीघ.”

वरच्या खिडकीत लिफ्टची तक्रार करणाऱ्या बाई उभ्या होत्या. त्याने मान वर करताच पडदा ओढला गेला.

हत्यारं गोळा करता करता त्याने आईला फोन लावला. एरवी तो लावत नसे.

“बोल गं.”

तिचं ‘गं’ अजून सुटलं नव्हतं. त्याने हट्ट सोडून दिला होता. घडलेलं त्याने थोडक्यात सांगितलं.

“मारलं?”

“नाही.”



“तुझ्या भावाला मिसरूड फुटलं, तेव्हा समोर बसवून शिकवलं होतं मी,” ती म्हणाली. “तुला शिकवायची वेळच आली नाही. आता नीट ऐक. हात खिशात घालायचे नाहीत. उलट बोलायचं नाही. आणि काही झालं तरी पळायचं नाही. ऐकतोयस ना रे?”

पक्कड हातात धरून तो तसाच उकिडवा बसून राहिला. जास्त बोललं तर आपण ‘रे’ म्हणालो हे तिच्या लक्षात येईल, म्हणून नुसतं “हं” म्हणाला.