माझ्या डोक्यावरचा गंज

मी संगणकाचा एक जुना डबा आहे, मित्रांनो. दुकानात मला कॅबिनेट म्हणतात, पण घरच्या मालकीणबाईंनी, मीराबाईंनी, मी आल्या दिवशीच डबा म्हटलं आणि तेच नाव पडलं. मला त्याचं काही वाटत नाही. विचार करणारे सगळे भाग माझ्या पोटात बसतात, मी नुसता बाहेरचा काळा पत्रा. हुशारीचा आव मला आणता येत नाही. गरम काय आणि गार काय, एवढं मात्र मला चांगलं कळतं.

माझ्या डोक्यावर गंजाचा एक चौकोनी डाग आहे, घडी घातलेल्या नॅपकिनएवढा. पत्र्याला डाग म्हणजे कमीपणाच. पण हा डाग नसता तर मी आज भंगारात असतो, म्हणून त्याची हकीकत सांगतो.

माझा पत्रा कुठे कापला ते मला आठवत नाही. आम्ही चाळीस सारखेच डबे होतो. डोंबिवली स्टेशनजवळच्या एका लहानशा दुकानात मी तीन महिने माळ्यावर काढले. मग दोन हजार दहा सालच्या एप्रिल महिन्यात चांगदेव आले. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत ते मेकॅनिक होते. दुकानदाराने विचारलं, "बजेट किती?" चांगदेव म्हणाले, "मुलगा डिप्लोमाला आहे. अभ्यासाला पाहिजे. चांगलं असेल ते द्या." पाव किलो सुकटीसाठी दहा मिनिटं घासाघीस करणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी एक रुपया कमी करायला सांगितला नाही. चोवीस हजार मोजले आणि मला रिक्षात मांडीवर घेऊन बसले.

मला चौदा एप्रिललाच घरी आणलं होतं. मीराबाईंनी आधी तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि मगच मुलाला, प्रफुल्लला, माझं बटण दाबू दिलं. शेजारचे येऊन बघून गेले. माझं इतकं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

या घरात एक नियम होता. तो कुणी लिहून ठेवला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. शिक्षणाची किंमत विचारायची नाही. चांगदेवांची शाळा सातवीत सुटली होती, तेव्हा हा नियम कुठून आला ते सांगायला नको. नियम चांगलाच होता. फक्त त्याचा एक परिणाम झाला. घरात जे काही हवं असे, ते अभ्यासासाठीच हवं असे. टेबलफॅन अभ्यासासाठी आला, मोबाइल अभ्यासासाठी आला. एकदा तर दिवाण अभ्यासासाठी आला आणि त्यावर प्रफुल्ल दुपारभर झोपला.

प्रफुल्ल वाईट मुलगा नव्हता. पण महिन्याभरात त्याने माझ्या पोटात गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ आणून ठेवला आणि त्या फोल्डरला नाव दिलं 'थर्मोडायनॅमिक्स'. चांगदेवांनी ते नाव एकदा पडद्यावर वाचलं. बिचारे किती खूश झाले!

आता चांगदेवांची एक सवय ऐका. डेपोत गाडी आली की ते आधी तिच्या बॉनेटवर तळहात ठेवत. गाडी किती धावली, रिकामी आली की भरून, सपाटीवरून आली की घाटातून, हे त्यांना हाताला कळे. घरीही पाच वाजता आले की चपला काढून ते माझ्या डोक्यावर तसाच हात ठेवत. शुक्रवारी वीज बंद असली की मी गार लागे. प्रफुल्लने जर्नल टाइप केलं असेल तर कोमट. आणि शर्यत खेळून झाली असेल तर माझ्यावर पापड भाजावा.

एके दिवशी हात ठेवून ते म्हणाले, "आज घाट चढवलास वाटतं गाडीला?" आणि हसत हातपाय धुवायला गेले. प्रफुल्लच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवसापासून साडेचार वाजले की तो खेळ बंद करी आणि ओला नॅपकिन घडी करून माझ्या डोक्यावर ठेवी. पाच वाजेपर्यंत मी गार. हा प्रकार सबंध पावसाळा चालला. पाणी सांध्यातून झिरपलं, रंगाला फोड आले आणि खाली गंज धरला. डाग दिसू नये म्हणून प्रफुल्लने माझ्यावर अभ्यासाची पुस्तकं रचून ठेवली. त्यानंतर चांगदेवांनी माझ्यावर हात ठेवणं सोडलं. मला वाटलं, पुस्तकं आड येतात म्हणून.

प्रफुल्ल पास झाला, ठाण्यात नोकरीला लागला, लग्न करून बाळकुमला राहायला गेला. मी त्याच्या धाकट्या बहिणीकडे, मायाकडे आलो. तोवर मी हळू झालो होतो. बटण दाबून माया चहा करून यायची तरी मी जागा होत नसे. खिडकीतून कंपन्यांची बारीक धूळ येई, ती कुणी पुसत नसे. पुस्तकांवर पापडांचं ताट आलं. माझा राग कुणावर नाही, पण पंख्यात धूळ अडकली की दम लागतो, हे सांगून ठेवतो.

माया आता इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला गेमिंग कॉम्प्युटर हवा होता. कॉलेजातल्या तिघी आणि ही, अशी त्यांची चौघींची टीम आहे. बाकी तिघी घरून खेळत, ही मैत्रिणीकडे जाऊन तिचं मशीन मोकळं व्हायची वाट बघे. नव्या कॉम्प्युटरची यादी तिने माझ्यावरच टाइप केली. म्हणजे माझ्या जागी कोण येणार, ते मीच दाखवत होतो.

पहिल्या दिवशी बेरीज एक लाख तीस हजार झाली. मायाने ती बघितली आणि स्वतःच हसली. मग रोज संध्याकाळी ती एकेक आकडा उतरवू लागली. रंगीत दिवे गेले. मोठा पडदा गेला. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खेळातली चित्रं भराभर रंगवणारा भाग, त्यावर तिने चार दिवस घालवले आणि शेवटी मधलं घेतलं. यादी साडेचौऱ्याहत्तर हजारांवर येऊन थांबली. आता आणखी काही काढलं तर खेळ अडखळणार होता. यादीतली शेवटची ओळ होती, 'काचेचं कॅबिनेट, साडेचार हजार'. ती ओळ मी मुकाट्याने दाखवली.

रविवारी प्रफुल्ल जेवायला आला. त्याने यादी वाचली आणि हळूच म्हणाला, "अभ्यासाला पाहिजे म्हण ना सरळ. पप्पा लाख पण देतील. गेमचं नाव काढलंस तर एक रुपया नाही मिळणार."

"तू असंच केलेलंस?" मायाने विचारलं.

"मग काय! सगळेच करतात गं."

जेवणं झाल्यावर चांगदेव स्वतःच म्हणाले, "माया, तुला कॉम्प्युटर बदलायचाय ना? रिटायरमेंटचे पैसे आलेत. अभ्यासाला लाख लागले तरी चालतील. किती सांग."

मित्रांनो, तिने फक्त मान हलवायची होती. यादीतून काढलेले दिवे, मोठा पडदा, सगळं परत आलं असतं. प्रफुल्ल तिला डोळ्यांनी खुणावत होता. माया माझ्याकडे बघत राहिली. बघण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, पापडच होते.

"पप्पा, अभ्यासाला पस्तीसचा पुरेल," ती म्हणाली. "यादी साडेचौऱ्याहत्तरची आहे. वरचे सगळे खेळायला."

"खेळायला? चाळीस हजार?" मीराबाई म्हणाल्या. "अगं, त्यात माझं अख्खं किचन झालं असतं!"

प्रफुल्लने कपाळावर हात मारला. चांगदेव उठले, माझ्यावरचं ताट खाली ठेवलं, पुस्तकं बाजूला केली आणि कित्येक वर्षांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"प्रफुल्ल, इकडे ये. हे काय आहे?"

"गंज आहे, पप्पा."

"कशाचा?"

प्रफुल्ल आता तेहतीस वर्षांचा आहे. तरी तो बाजूला केलेल्या पुस्तकांची चळत सारखी करू लागला.

"ओल्या नॅपकिनचा," चांगदेवच म्हणाले. "अरे, टायपिंगने डबा एवढा तापत नाही, हे मला तेव्हाच कळलेलं. मग बघतो तर डबा एकदम गार आणि वर पाण्याचे थेंब."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? डेपोत सगळ्यांना सांगितलेलं, पोरगा दिवसभर अभ्यास करतो. आणि इथे पोरगं माझ्या भीतीने डब्याच्या डोक्यावर पट्ट्या ठेवतंय, ताप आल्यासारख्या. मला माझीच लाज वाटली. खेळायचंय, एवढं साधं माझ्या पोराला मला सांगता येत नव्हतं. म्हणून मी हात ठेवायचं सोडून दिलं. म्हटलं, निदान डबा तरी गंजायचा थांबेल."

मला वाईट वाटलं, हे मी उघड सांगतो. इतकी वर्षं मी पुस्तकांना दोष देत होतो.

मग चांगदेवांनी चष्मा लावून यादी वाचली. "अभ्यासाचे पस्तीस माझे. खेळाचे पैसे मी देणार नाही. ते तुमचे तुम्ही बघा."

"शिकवण्यांचे वीस आहेत माझ्याकडे," माया म्हणाली.

प्रफुल्ल खाली बघत म्हणाला, "पंधरा माझे. मी तेव्हा फुकट खेळलोय, त्याचे."

सत्तर झाले. साडेचार कमी पडत होते. मायाने यादीच्या शेवटच्या ओळीवर, काचेच्या कॅबिनेटवर, बोट ठेवलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"पण पप्पा, या डब्यात वारा येत नाही. कार्ड तापेल."

"वाऱ्याचं मी बघतो," चांगदेव म्हणाले. "खेळाचे पैसे देणार नाही म्हटलं. मजुरी देणार नाही, असं नाही म्हटलं."

त्यांनी मला गॅलरीत नेलं. टेप लावून मोजलं, नवं कार्ड बसून दोन बोटं जागा उरत होती. मग ड्रिलने माझ्या कुशीत आणि डोक्यावर मागच्या बाजूला गोल भोकं पाडली, कडा कानशीने घासल्या, जाळी बसवली. पत्र्याला दुखत नाही, पण मी थरथरलो, हे खरं. प्रफुल्ल पॉलिश पेपर घेऊन डाग घासायला पुढे आला. चांगदेवांनी त्याचा हात धरला. "राहू दे. पसरू नये म्हणून वरून वॉर्निश मारतो."

आज माझ्या पोटात सगळं नवं आहे. माया संध्याकाळी दोन तास खेळते. चांगदेव फेरफटका मारून येतात, डागावर तळहात ठेवतात आणि विचारतात, "आज कुठला घाट?" माया नजर न हलवता सांगते, "कसारा." परीक्षा जवळ आली की मी कोमटच असतो, आणि तेही त्यांना हाताला कळतं.

गेल्या रविवारी प्रफुल्ल आला आणि मायाला म्हणाला, "मला दे ना जरा." त्याने शर्यतीचा खेळ लावला. पाच वाजले तेव्हा सवयीने त्याची मान दाराकडे वळली. चांगदेव शेजारीच खुर्ची ओढून बसले होते. "पुढे बघ," ते म्हणाले. "वळणावर गिअर खाली टाक."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या डब्याची धूळ महिन्यातून एकदा तरी पुसा, आणि कोरड्या फडक्यानेच पुसा. आणि घरात काही मागायचं असेल, तर त्याचं खरं नाव घेऊन मागा. फार तर नाही म्हणतील. नाही म्हटल्याने पत्रा गंजत नाही.