गार्डचं कटिंग

आमच्या वहिनीचं कौतुक मी तोंडावर करत नाही, कारण केलं की ती लगेच काहीतरी काम सांगते. पण मोटरसायकल चालवावी तर तिनंच. प्रसूतीच्या दवाखान्यातून रक्ताचे नमुने घ्यायचे, मागच्या थंड पेटीत ठेवायचे आणि प्रयोगशाळेत पोचवायचे, हे तिचं काम. मधे एक बोळ आहे. बोळातून सात मिनिटं, मोठ्या रस्त्यानं अर्धा तास. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं रक्त असलं की डॉक्टर रिपोर्टसाठी ताटकळलेले असतात, त्यामुळे मोठ्या रस्त्याचं नावही ती काढत नाही.

गेल्या साली सांडलेल्या तेलावरून गाडी घसरली आणि तिच्या डाव्या पायावर पडली. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी बजावलं, त्याच जागी पुन्हा मोडलं तर जन्माचं लंगडणं. तेव्हापासून माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, धोशा लावला होता : गार्ड बसव, नाहीतर गाडी विक. गार्ड म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंना लावतात ती वाकवलेली लोखंडी नळी. गाडी आडवी झाली तर आधी ती टेकते आणि पाय वाचतो. ते बसवणं माझा धंदाच. वहिनी मात्र ऐकायला तयार नव्हती.

"बोळात अडकेल, भाऊजी."

"हँडल जातं ना? मग झालं! गार्ड हँडलपेक्षा दोन इंच कमीच आहे. वीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय मी, वहिनी."

आमच्या धंद्यात गाडीची रुंदी म्हणजे हँडलची रुंदी. मी हे इतक्या ऐटीत सांगितलं की तिनं मुकाट्यानं चावी दिली. गार्ड बसवलं, आणि आम्ही तिघं बोळाशी गेलो. वहिनी आत शिरली आणि दहा पावलांवर खाडकन अडली. समोरासमोरच्या दोन घरांच्या दगडी पायऱ्या बोळात पुढे आलेल्या. हँडल त्यांच्यावरून आरामात जायचं. गार्ड मात्र खाली, नेमकं पायऱ्यांच्या उंचीला. माझ्या वीस वर्षांचं तिथंच हसं झालं.

"काढा ते," वहिनी म्हणाली. "माझा पाय गेला तरी चालेल, पण बाळ खोळंबायला नको."

आवाज जराही चढवला नाही तिनं. मला तिचा अभिमान वाटला, आणि धडकीही भरली.

दादा शिंपी आहे. त्यानं गळ्यातली टेप काढली, उकिडवा बसला आणि दोन पायऱ्यांमधलं अंतर मोजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "उद्या तू छातीच्या मापानं पँट शिवशील."

त्या दुपारी गिऱ्हाइकांच्या पँटी बाजूला सारून त्यानं खाकी कागदावर गार्डचं कटिंग केलं. मी आधी हसलो. पण कागद इंजिनला लावून पाहिला आणि हसू विरलं. खाली, पायरीच्या उंचीला, त्यानं नळी आत घेतली होती. वर, जिथं बोळात जागा होती, तिथं ऐसपैस बाहेर काढली होती. दोन्ही बाजूंना इंचभर मार्जिन. हाताखालून इतक्या गाड्या गेल्या, पण मला हे सुचलं नसतं. त्याच कागदावर ठेवून मी नळी वाकवली, वेल्डिंग केलं. गाडी बोळातून सुळकन गेली.

आता प्रश्न उरला एकच. खाली एवढं चेपलेलं गार्ड पाय वाचवेल का? ते मला सांगता येईना. वीस वर्षांचं नाव काढायची तर हिंमतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजच्या अंगणात वहिनी म्हणाली, "मीच बघते आडवी होऊन." पण तोवर दादा इस्त्रीच्या पँटीसकट फरशीवर आडवा झाला होता. जिथं तिचा पाय यायचा, तिथं त्यानं स्वतःचा डावा पाय ठेवला.

"टेकवा गाडी."

एकशे तीस किलोचं धूड. एका बाजूनं मी, एका बाजूनं वहिनी, असं हळूहळू कलतं केलं. गार्ड फरशीला टेकलं.

"सोडा आता."

आम्ही हात सोडले. मी डोळे मिटले होते, खोटं कशाला बोलू. उघडले तेव्हा दादा गाडीखाली पाऊल हलवत होता. मग त्यानं बुटासकट पाय सरळ बाहेर काढला.

कधी न गडबडणारी वहिनी मटकन त्याच्याशेजारी बसली. "अहो, वेड लागलंय का तुम्हाला? मोडला असता म्हणजे?"

"मोडला असता तर घरी बसलो असतो. तू रस्त्यावर असतेस ना, तेव्हा मला सुई ओवता येत नाही. वर्ष झालं. गिऱ्हाइकं म्हणतात, चष्मा बदला."

वहिनी तळहातानं त्याच्या पँटीवरची धूळ झटकत राहिली, झटकून झाली तरी झटकतच राहिली. मग डोळे पुसून उठली.

"भाऊजी, गार्ड राहू दे. गाडी उभी करा, मला दवाखाना गाठायचाय."