खाली केलेले दिवे

संध्याकाळचे पाच वाजले की शिवकांता सिस्टरची घाई सुरू व्हायची. परंडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात ती आरोग्यसेविका होती. पाचनंतर तिचं अर्धं लक्ष समोरच्या बाईकडं आणि अर्धं खिडकीबाहेरच्या उन्हाकडं असायचं. ऊन कलायला लागलं की ती डबा, पर्स आणि गाडीची किल्ली गोळा करायची.

"चला गं, राहिलेल्या बायांनी उद्या या."

"एवढी काय घाई सिस्टर, तुमच्याकडं तर गाडी हाय की!" कुणीतरी म्हणायचंच.

"गाडी आहे गं, पण मला रात्रीचं दिसत नाही चालवताना," शिवकांता सांगायची आणि निघायची.

पूर्वी असं नव्हतं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली होती. शिकताना शेजारच्या सीटवर सासरे कल्याणप्पा बसायचे. त्यांना स्वतःला सायकलपलीकडं काही चालवता येत नव्हतं, पण "घाबरू नगंस, ब्रेक हाय ना पायाखाली?" एवढं ते दर वळणावर सांगायचे. परीक्षा पास झाल्यावर तिनं एक जुनी पांढरी गाडी घेतली. मग एखाद्या वस्तीवर बाळंतीण अडली, उशीर झाला, तरी ती आठ-नऊला एकटी गाडी घेऊन घरी यायची. त्या वर्षी तिला स्वतःचाच अभिमान वाटायचा.

मग हळूहळू काहीतरी बिघडलं. अंधार पडला की रस्ता दिसेनासा व्हायचा. मागच्या संक्रांतीच्या आधी तर उसाची एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागं लाल दिवा नाही, काही नाही. ती शिवकांताला दिसली तेव्हा बोनेटपासून दोन हातांवर होती. ब्रेक लागला म्हणून ती वाचली. घरी येऊन ती कितीतरी वेळ ओट्याजवळ नुसती उभी होती.

"तुझे डोळे अधू झालेत," तिचा नवरा गौरीशंकर म्हणाला होता. परंड्यात त्याचं भांड्यांचं दुकान होतं. "वय झालं की होतं असं. त्यातून बायकांना रात्रीची गाडी जमत न्हाय, मी पहिल्यापासून सांगत होतो. अंधाराच्या आत घरी येत जा बरं."

तिला ते पटलं. न पटायला काय झालं? ट्रॉली तिनं स्वतःच तर पाहिली नव्हती. गौरीशंकर बाजारातून दर आठवड्याला गाजरं आणू लागला. "डोळ्याला चांगली असतात," म्हणून ताटात स्वतः वाढायचा. नवऱ्याची ही काळजी पाहून तिला भरून यायचं.

जुलैत तिच्या नावानं पदोन्नतीचं पत्र आलं. आरोग्य सहाय्यिका म्हणून शेजारच्या भूम तालुक्यात नेमणूक होती. सतरा वर्षं तिनं या पत्राची वाट पाहिली होती. पण भूमहून रोज परत यायचं म्हणजे थंडीच्या दिवसांत अंधार होणारच. दोन रात्री तिला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं लिहून दिलं, "वैयक्तिक कारणास्तव पदोन्नती स्वीकारू शकत नाही." पत्राची प्रत तिनं कपाटात साड्यांच्या खाली ठेवली.

दिवाळी झाल्यावर चष्म्याचा नंबर तपासायला ती बार्शीला गेली. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं, यंत्रातून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"सिस्टर, तुमचे डोळे चांगले आहेत. वाचायचा नंबर थोडा वाढलाय, एवढंच."

"अहो, पण मला रात्रीचा रस्ताच दिसत नाही!"

डॉक्टर हसले. "मग गाडीचे दिवे दाखवा कुणाला तरी. माझ्याकडं डोळे दाखवून काय उपयोग?"

येताना तिनं गाडी सरळ गुंडप्पाच्या शेडकडं वळवली. गुंडप्पा गाड्यांची वायरिंग आणि दिव्यांची कामं करायचा. वय साठीच्या घरात, बोलणं कमी आणि काम चोख. त्यानं गाडी शेडच्या आत भिंतीसमोर घेतली, शटर अर्धं ओढलं आणि दिवे लावले.

भिंतीवर उजेड असा पडलाच नाही. पडला तो जमिनीला चिकटून. मळक्या पिवळ्या रंगाचे दोन डाग, त्यातला डावा उजव्यापेक्षाही खाली.

"हे असलं घेऊन फिरता तुम्ही?" गुंडप्पा म्हणाला. "काचा बघा, पार पिवळ्या पडल्यात. मी तर गेल्या सालच्या दिवाळीलाच म्हणलो होतो, नवीन बसवू. नवा जोड आणून बी ठेवला होता."

"मग बसवला का नाही?"

"तुमचे साहेब नको म्हणले की." गुंडप्पानं फडक्याला हात पुसले. "उलट म्हणले, दिवे जरा खाली करून दे. ह्या दिव्याच्या मागं स्क्रू असतो सिस्टर, तो फिरवला की उजेड खाली-वर व्हतो. मी म्हणलो, उजेडाची उंची बरोबर हाय, कशाला खाली करायचे? तर म्हणले, घरातली नवी चालवणारी हाय, समोरच्याच्या डोळ्यावर जायला नको. मला वाटलं, माणूस दुसऱ्याचा इचार करतोय. दिले करून."

शिवकांतानं बोनेटवर हात टेकला. "गुंडप्पा, कधी म्हणालात? मागच्या दिवाळीला?"

"व्हय. पाडव्याच्या आदल्या दिवशी."

ट्रॉली संक्रांतीच्या आधी दिसली होती. दिसली नव्हती!

तिच्या डोळ्यांसमोर एकदम सगळं उभं राहिलं. ते पत्र. ती गाजरं. "तुझे डोळे अधू झालेत" हे अगदी मायेनं म्हटलेलं वाक्य. जे डोळे बिघडले नव्हते, त्यांना तिनं वर्षभर दोष दिला होता. आणि ज्यानं दिवे खाली केले, त्याच्यावर ती डोळे झाकून विसंबली होती!

"आत्ता करून देतो सिस्टर, तासाभराचं काम हाय," गुंडप्पा म्हणाला.

"आज नको. उद्या सकाळी येते. आज हे दिवे असेच राहू द्या."

संध्याकाळी साडेसातला गौरीशंकर दुकानातून आला. शिवकांतानं चहा दिला आणि म्हणाली, "अहो, जरा शेताकडं जाऊन येऊ. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बघायचा म्हणत होतात ना? अप्पांनाही घेऊ. गाडी तुम्ही चालवा."

गौरीशंकर दिवसा कधीमधी गाडी चालवायचा. रात्री त्याला मोटारसायकलच बरी वाटायची. पण बायको आपणहून म्हणतेय म्हटल्यावर तो उठला. मागच्या सीटवर कल्याणप्पा बसले. शेताकडच्या त्या रस्त्याला सातनंतर चिटपाखरू नसतं.

गाव संपलं, खांबावरचे दिवे मागं पडले, तसा गौरीशंकर स्टिअरिंगवर वाकला. काचेवरून हात फिरवला. "काच खराब झालीय का गं?"

"सकाळीच पुसलीय."

तो आणखी वाकला. दुसऱ्या गिअरवर आला. समोर चार-पाच हात रस्ता दिसत होता आणि पुढं एकदम काळोख. त्याच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात शिवकांता ओरडली, "अहो, थांबा!"

करकचून ब्रेक लागला. रस्त्यावर खडीचा ढीग पडलेला होता. पुढचं चाक त्यात रुतूनच गाडी थांबली.

"दिसलाच न्हाय मला!" गौरीशंकर धापा टाकत म्हणाला. "एवढा मोठा ढीग, दिसलाच न्हाय!"

"तुमचेही डोळे अधू झाले वाटतं," शिवकांता म्हणाली. "गाजरं खायला हवीत."

तो तिच्याकडं बघतच राहिला. मग त्याची मान हळूहळू खाली गेली.

"गुंडप्पानं सांगितलं मला. दिव्यांचा स्क्रू तुम्ही फिरवायला लावला."

"थोडासाच... थोडासाच खाली केला होता गं. तुला रात्रीचं जरा अवघड वाटावं, म्हणजे आपणहून लवकर येशील. एवढंच. काचा इतक्या पिवळ्या होतील हे मला..."

"मी डोळे तपासून आले. देवाला बोलले. सतरा वर्षं वाट पाहिलेलं पत्र स्वतःच्या हातानं परत केलं! आणि तुम्ही मला गाजरं वाढत होतात! मला काय वाटत होतं माहितेय? नवरा असावा तर असा. भांडला असतात तर चाललं असतं. तोंडावर नको म्हणाला असतात तरी चाललं असतं. मला माझ्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लावलात तुम्ही!"

मागून कल्याणप्पांचा आवाज आला. "गौरी, हे कधी केलंस तू?"

"मागच्या दिवाळीला, अप्पा."

"आन् ट्रॉलीचं कधी झालं?"

"संक्रांतीच्या आधी," शिवकांतानं सांगितलं.

"म्हंजे त्या दिवशी ही पोरगी त्या ट्रॉलीखाली गेली असती," कल्याणप्पा सावकाश म्हणाले, "तर आपण काय म्हणलो असतो? बाईच्या हातात गाडी दिली, चुकलं आपलं. भेटायला येणाऱ्या हरेक माणसाला तू हेच सांगितलं असतंस. आन् मी बी ते खरं धरलं असतं रे!"

"अप्पा, दुकानात लोक बोलायचे. तुमच्या घरच्या रात्री नऊला एकट्या दिसल्या म्हणून हसायचे. आन् मला भीती बी वाटायची हो. खरंच वाटायची."

"भीती वाटायची तर तिला सांगायचं. शेजारी येऊन बसायचं. मला येत व्हती का गाडी? तरी मी बसलोच ना? माणसाला काळजी असली की ते सोबत जातं, गौरी. तिच्या पाठीमागं तिचा उजेड कमी करत न्हाय. ही काळजी न्हवं. ही दगाबाजी हाय. आन् लोकांच्या हसण्याचं म्हणशील, तर लोकांनी तुझ्या बायकोचा जीव जाईपर्यंत हसायचं ठरवलं असतं, तर तू काय तिचा जीव बी दिला असतास?"

गौरीशंकर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडू लागला. शिवकांतानं त्याला समजावलं नाही. ती दार उघडून उतरली, फिरून त्याच्या बाजूला आली.

"सरका. मी चालवते. वर्षभर ह्याच उजेडात चालवलीय मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुंडप्पाच्या शेडवर पोचली, तेव्हा मागून गौरीशंकरही मोटारसायकलवर आला. कडेला उभा राहिला. गुंडप्पानं जुने दिवे काढले, नवे बसवले. बॅटरीपासून जाड वायर ओढली, म्हणजे उजेड पुरा मिळेल.

"ते पांढरेशुभ्र प्रखर बल्ब टाका ना," शिवकांता म्हणाली. "हल्ली सगळे टाकतात. आता मला लांबपर्यंत दिसलं पाहिजे."

"न्हाय सिस्टर. ते ह्या दिव्याच्या मापाचे नसतात, उजेड कुठंबी फेकतात. समोरून मोटारसायकलवर येणारा माणूस आंधळा व्हतो. तुमच्या अंधाराचा राग त्याच्यावर कशाला? उजेड रस्त्यावर पडला पाहिजे, सारखा पडला पाहिजे. तेवढं मी करून देतो." त्यानं गाडी भिंतीसमोर लावून स्क्रू बारीक-बारीक फिरवला, मापाच्या खुणेवर आणला. भिंतीवर दोन्ही दिव्यांचा उजेड एका रेषेत, स्वच्छ पसरला. मग तो वळून म्हणाला, "माझं बी चुकलं सिस्टर. गाडी ज्याला चालवायची त्याला विचारायला पाहिजे व्हतं. आता विचारत जाईन."

पुढच्याच आठवड्यात शिवकांतानं कार्यालयात जाऊन अर्ज दिला, नकार मागं घेते म्हणून. कारकुनानं फाईल पाहून मान हलवली. ती जागा कधीच भरली होती. एकदा नकार दिला की लगेच पुन्हा नाव घेत नाहीत, थांबावं लागेल, असं त्यानं सांगितलं. गौरीशंकर बाहेर कडुलिंबाखाली उभा होता. तिच्या तोंडावरूनच त्याला समजलं. माफी मागून सगळं परत मिळत नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

नंतर एकदा दुकानात हिंमतराव नावाचं जुनं गिऱ्हाईक हसत म्हणालं, "काय गौरीशेठ, काल घरच्या पुन्हा साडेआठला एकट्याच गाडीत दिसल्या!"

दुकानात चार माणसं होती. पूर्वीचा गौरीशंकर ओशाळून हसला असता. आज त्यानं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"बाळंतिणीला दवाखान्यात सोडून आल्या त्या. आन् मधे वर्षभर त्या रात्रीच्या दिसत नव्हत्या ना, ते माझ्यामुळं. मी त्यांच्या गाडीचे दिवे चोरून खाली करून ठेवले होते. तुमच्या ह्याच हसण्याला भिऊन! त्यात त्यांचा जीव जाणार होता. आता बोला."

हिंमतराव डबा घेऊन निघून गेले.

ही गोष्ट शिवकांताच्या कानावर आली. त्या रात्री तिनं पुष्कळ दिवसांनी नवऱ्याशेजारी बसून जेवण केलं. "माफ केलंय मी तुम्हाला," ती म्हणाली, "पण विश्वास बसायला वेळ लागेल. तोवर गाडी दुरुस्तीला मीच नेणार." त्यानं मान डोलावली.

बंधूंनो, गौरीशंकर काही वाईट माणूस नव्हता. तो आपल्यातलाच होता. मुलीच्या नावानं आलेलं नोकरीचं पत्र दोन दिवस दडवून ठेवणारा बाप, "तुला झेपणार नाही" असं सुनेला प्रेमानं रोज सांगणारी सासू, हेही आपल्यातलेच. त्यांनी केलेला अंधार कुणाला दिसत नाही, आणि ज्या बाईची वाट त्यात हरवते, ती बिचारी स्वतःच्याच डोळ्यांना दोष देत बसते. काळजी असेल तर ती तोंडावर बोलावी, हवं तर सोबत जावं. पण कुणाच्या वाटेवरचा उजेड तिच्या नकळत कमी करण्याचा हक्क नवऱ्याला नाही, बापाला नाही, कुणालाच नाही!