कोलमारला कधी उतरायचं

सविताचं माझ्यावाचून पान हलत नाही, हे सिंगापुरात, चोआ चू कांगमधल्या आमच्या सगळ्या मराठी मंडळींना माहीत आहे. मीच सांगितलंय. त्यामुळे लेकीकडे, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला गेलेली ही बाई एकटी रेल्वेने कोलमार बघायला निघते म्हटल्यावर जबाबदारी कोणावर? लेक अनुया ऑफिसात. मग मीच इथे हॉलमध्ये टॅबवर मार्गाचा नकाशा उघडून, तिला फोनवर घेऊन बसलो.

प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा, पण नकाशावर मध्ये स्टेशनं भरपूर.

"गाडी थांबली की फक्त सांग, मोजायचं मी बघतो," मी म्हणालो. इतकी वर्षं इथल्या मेट्रोने, एमआरटीने फिरतोय, स्टेशनं मोजायला कोणी मला शिकवायला नको.

गाडी एकदा थांबली, मी नोंद घेतली. थोड्या वेळाने पुन्हा थांबली.

"अहो, पाटी कोलमारची दिसतेय."

"कशी असेल? अजून कितीतरी बाकी आहेत. कोलमार पूर्व, कोलमार उत्तर असलं काहीतरी असणार. बसून राहा."

"बरं," ती म्हणाली.

मी मोजत राहिलो. 'थांबली का?' विचारलं की ती 'थांबली' म्हणायची. शेवटी मी हुकूम सोडला, "ऊठ. आता उतर."

"मी मघाशीच उतरले. कालव्याकाठी कॉफी पितेय. तुमची मोजणी इतकी रंगात आली होती, म्हटलं कशाला मोडा."

मधल्या बारक्या स्टेशनांवर म्हणे ती गाडी थांबतच नाही. ही कुठली पद्धत? आमची एमआरटी कशी, प्रत्येक स्टेशनवर थांबते. बायको सुखरूप पोचली याचा आनंद व्हायला हवा होता, मला संताप आला. आणि मग जरा भीतीच वाटली.

"सविता, तू नेहमीच अशी 'बरं' म्हणून मनातलं करत आलीस?"

"बहुतेकदा. नाहीतर संसार कसा झाला असता?"

"म्हणजे पुण्यातली फ्रेंच शिकवायची नोकरी सोड, सिंगापूरला चल म्हटलं, तेव्हाही..."

"नाही हो," ती म्हणाली. "तेव्हा मात्र तुमचं ऐकलं. अजून चुटपुट लागते."

मग तिने तिथल्या कोणाकडे तरी फ्रेंचमध्ये आणखी काहीतरी मागितलं. काय ते मला कळलं नाही.