ऑरिनचा वाफारा

"हळू ओढ ना गं, मर्ना! सूप भुरकतेस का?" ऑरिन बायकोच्या कानाशी कुरकुरला.

मर्नाची थोरली बहीण डेलिया रोज दुपारी युजीन शहरातून येई आणि मागच्या पोर्चवर बसून हा सोहळा पाही. गांजाच्या कळ्या रव्यासारख्या दळायच्या, पार पीठ करायचं नाही. वाफ काढायच्या यंत्रात सैल भरायच्या. आच आधी मंद, मग चढती, मध्येच काडीने ढवळायचं. पेटवून धूर काढतात ते अडाणी, असं मेव्हण्याचं ठाम मत. उरलेला तपकिरी चोथासुद्धा तो लोण्यात शिजवायला बरणीत साठवी. कण वाया जाता कामा नये!

आजाराने खंगलेल्या मर्नाच्या पोटात दोन घास ठरावेत म्हणून हे औषध आणलेलं. ती बिचारी ओकारी दाबत बसलेली आणि याचा डोळा आचेच्या आकड्यावर. भुकेल्याला वाढायचं सोडून पळी घासत बसावं, तशातली गत.

"कालच्यापेक्षा दाट आली की नाही वाफ?" त्याने विचारलं.

"आले मोठे शास्त्रज्ञ!" डेलिया फणकारली. "दाट-पातळ राहू दे. तिच्या तोंडाकडे बघ जरा."

"थोडी आच वाढवली की लागेल भूक," यंत्रावरची नजर न काढता तो म्हणाला.

मर्नाने नळी खाली ठेवली. शेजारचा टोस्ट सकाळपासून तसाच होता.

"वाफ छान आहे, ऑरिन. तुझं यंत्रही छान आहे," ती म्हणाली. "मीच काही जगत नाही आता."